मुर्डी ते डेम्लो : एका सतरा अंकी संख्येचे अवयव

१२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या डावीकडून वाचली काय किंवा उजवीकडून, तीच राहते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील स्थाननामांप्रमाणे तिचा पहिला अंक ‘मध्य’ या स्थानी येतो; पुढचे स्थान परार्धाचे. ही सतरा अंकी संख्या म्हणजे १११११११११ या नऊ एकांच्या संख्येचा वर्ग. अशा वर्गांना ‘वंडरफुल डेम्लो संख्या’ म्हणतात. हे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचे.

कापरेकरांचा जन्म १९०५ सालचा, डहाणूचा. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना १९२७ मध्ये त्यांना स्वतंत्र गणिती कामासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. ज्यांच्या नावाने ते दिले जाई ते रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे रत्नागिरी जिल्ह्यातील, दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे. १८९९ साली केंब्रिजला पहिला क्रमांक विभागून मिळवून सीनियर रँग्लर झालेले ते पहिले भारतीय. पुढे १९०२ पासून ते फर्ग्युसनचे प्राचार्य होते. कापरेकरांनी १९३० ते १९६२ या काळात देवळालीत शाळामास्तरकी केली आणि संख्यांचा शोध आयुष्यभर चालू ठेवला. मुंबईपासून सुमारे तीस मैलांवरच्या, तेव्हाच्या जीआयपी रेल्वेवरील डेम्लो स्थानकात त्यांना या संख्यांची कल्पना सुचली. तेच नाव संख्यांना मिळाले.

अंकांची ही चढउतार गुणाकाराच्या मांडणीतून येते. नऊ एकांना नऊ एकांनी गुणताना एकाखाली एक नऊ ओळी येतात आणि प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते. उभ्या बेरजा १ पासून ९ पर्यंत चढतात आणि पुन्हा १ पर्यंत उतरतात. कोठेही बेरीज नऊपुढे जात नाही, म्हणून हातचा येत नाही. दहा एकांच्या वर्गात मधल्या घरात १० येतात, हातचा पुढे जातो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे होते. सममिती तेथेच मोडते. नऊ एकांच्या वर्गातील अंकांची बेरीज ८१, म्हणजे ९ चाच वर्ग.

मूळ अवयव काढण्यासाठी वर्गमूळाचे अवयव पुरेसे आहेत. नऊ एकांचे तीन-तीनचे गट पाडले की १११ × १००१००१ हा गुणाकार मिळतो. १११ म्हणजे ३ × ३७, आणि १००१००१ म्हणजे ३ × ३३३६६७. आता ३३३६६७ ही मूळ संख्या आहे का, एवढेच ठरवायचे उरते. तिचे वर्गमूळ ५७७ हून किंचित मोठे असल्याने ५७७ पर्यंतच्या १०६ मूळ संख्यांनी भागून पाहावे लागेल. फर्मा यांचे १६४० सालचे प्रमेय हे काम हलके करते. ३३३६६७ ला भागणाऱ्या कोणत्याही मूळ संख्येने १० च्या घातांना भागत गेल्यास नवव्या घाताला प्रथमच बाकी १ उरते. म्हणून त्या भाजकातून १ वजा केल्यावर ९ ने निःशेष भाग जायला हवा. भाजक विषम असल्याने १८ नेही. अशा मूळ संख्या १९, ३७, ७३ पासून ५७७ पर्यंत फक्त सतरा आहेत. त्यांपैकी एकीनेही भाग जात नाही. म्हणजे ३३३६६७ मूळ संख्या आहे.

त्यामुळे सुरुवातीच्या सतरा अंकी संख्येत ३ हा अवयव चार वेळा, तर ३७ आणि ३३३६६७ प्रत्येकी दोन वेळा येतात. तिचे एकूण विभाजक ५ × ३ × ३, म्हणजे ४५. प्रत्येक पूर्ण वर्गाप्रमाणे ही गणती विषम आहे.

एकांची गणती संयुक्त असेल, तर त्या एकांची संख्याही (नऊ एकांप्रमाणे) संयुक्तच असते. गणती मूळ असली तरी खात्री नसते: १११११ म्हणजे ४१ × २७१. दोन, एकोणीस, तेवीस आणि ३१७ एकांच्या संख्या मात्र मूळ आहेत. १०३१ एकांची संख्या मूळ असल्याचे १९८६ मध्ये सिद्ध झाले. त्याच वर्षी कापरेकरांचे निधन झाले.

ज्या मोठ्या संख्येच्या अंकांत अशी रचना नसते, तिचे अवयव काढणे फार कठीण असू शकते. आरएसए-२५० या अडीचशे अंकी संख्येचे दोन मूळ अवयव २०२० मध्ये असंख्य संगणकांच्या प्रचंड आकडेमोडीनंतर हाती आले. नऊ एकांचे मात्र सतरा भागाकारांत, कागदावरच सापडतात.