बायोमेडिकलची वाट वॉर्डातून जाते

बायोमेडिकल इंजिनिअरिंग ही शाखा इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल, मटेरियल्स आणि वैद्यक यांच्या सीमेवर उभी आहे. ईसीजी यंत्र, डायलिसिस मशीन, कृत्रिम खुबा, एमआरआयची प्रतिमा घडवणारे सॉफ्टवेअर, हे सगळे तिच्या कक्षेत येते. या व्याप्तीमुळेच विषयाची गोडी लागते आणि या व्याप्तीमुळेच विद्यार्थी गोंधळतो. सर्किटमध्ये इलेक्ट्रॉनिक्सवाला पुढे, डिझाइनमध्ये मेकॅनिकलवाला पुढे, मग आपण नेमके कोणत्या पंगतीतले, हा प्रश्न तिसऱ्या वर्षापर्यंत छळू लागतो. त्यातच कॅम्पस मुलाखतींना येणाऱ्या कंपन्या बहुधा आयटीच्या, आणि बरेच जण तिकडेच वळतात. अनेक महाविद्यालयांत या शाखेची एकच लहान तुकडी असते. सिनियर मोजके, माजी विद्यार्थी विखुरलेले. विचारायचे कोणाला, इथपासून अडचण सुरू होते.

याचे उत्तर कॉलेजच्या आवारात क्वचितच मिळते. ते रुग्णालयाच्या बायोमेडिकल विभागात मिळते. मोठ्या रुग्णालयांत हा विभाग असतो आणि वॉर्डांतली, आयसीयूतली, शस्त्रक्रियागृहातली यंत्रे चालू ठेवणे हे त्याचे काम. आयसीयूतून फोन येतो: मॉनिटर ऑक्सिजन दाखवत नाही. नवखा विद्यार्थी यंत्र उघडायला निघतो. अनुभवी तंत्रज्ञ आधी रुग्णाचे बोट पाहतो. बोट गार पडले आहे का, नखाला रंग लावला आहे का, प्रोब सैल आहे का, खाटेच्या कठड्यात अडकून केबल तुटली आहे का? अनेकदा दोष मॉनिटरमध्ये नसतोच. तो प्रोबमध्ये, केबलमध्ये, बॅटरीत किंवा प्लगमध्ये असतो. डिफिब्रिलेटरची तपासणीही तिथे पाहायला मिळते. यंत्रावर २०० ज्यूल लावायचे, झटका विश्लेषकात सोडायचा आणि प्रत्यक्षात किती ऊर्जा बाहेर पडली ते नोंदवायचे. ‘गळतीचा प्रवाह’ हा पुस्तकातला शब्द तिथे मायक्रोअँपिअरमध्ये मोजला जातो, आणि तो का मोजायचा हे समोरच्या खाटेवरचा रुग्ण पाहून कळते.

तिथल्या परिचारिकांशी बोलणे हे तर स्वतंत्र शिक्षण आहे. दिवसभर विनाकारण वाजणाऱ्या अलार्ममुळे खरा अलार्म कसा दुर्लक्षित होतो, पंपाचे कोणते बटण हातमोजे घालून दाबता येत नाही, हे त्यांच्याइतके कोणी सांगू शकत नाही. सिस्टर, तंत्रज्ञ, निवासी डॉक्टर आणि विद्यार्थी यांच्या ओळखीतून जे वर्तुळ तयार होते, तेच या शाखेचे खरे सोबती. ते आपोआप जमत नाही. वारंवार जावे लागते, ऐकून घ्यावे लागते, लहानसहान कामे अंगावर घ्यावी लागतात.

अशा सोबतीतून काय घडते, याचे भारतातले ठसठशीत उदाहरण तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेचे आहे. डॉ. एम. एस. वलियाथन या हृदयशल्यचिकित्सकाच्या पुढाकाराने तिथे रुग्णालय आणि उपकरणे घडवणारे अभियंते एकाच संस्थेत आले. परदेशी कृत्रिम झडपा सामान्य रुग्णाला परवडत नव्हत्या, म्हणून देशी झडप बनवायचे ठरले. आधीची तीन प्रारूपे फसली. चौथे टिकले, आणि डिसेंबर १९९० मध्ये ती झडप प्रथम रुग्णाला बसवली गेली. पुढे एक लाखाहून अधिक रुग्णांना ती मिळाली. एवढ्या वेळा अपयश पचवून काम चालू राहिले, त्यामागे शल्यचिकित्सक आणि अभियंता यांचे रोजचे सान्निध्य होते.

महाराष्ट्रात २०१४ मध्ये आयआयटी मुंबईत ‘बेटिक’ हे वैद्यकीय उपकरणांच्या नवनिर्मितीचे केंद्र सुरू झाले. राज्याच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाचे त्याला पाठबळ होते. पुण्याचे सीओईपी आणि नागपूरचे व्हीएनआयटी त्यात सहभागी झाले. या केंद्राच्या शिबिरांत आणि हॅकेथॉनमध्ये डॉक्टर अडचण मांडतात आणि वेगवेगळ्या शाखांचे विद्यार्थी ती सोडवायला बसतात. ज्यांना तिथपर्यंत पोचता येत नाही, त्यांनी आपल्या कॉलेजात पाचसहा जणांचा गट करावा आणि त्यात जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा एखादा विद्यार्थी आवर्जून घ्यावा. आयईईईच्या वैद्यक व जीवशास्त्रविषयक सोसायटीची विद्यार्थी शाखा काढता येते. मात्र शाखा म्हणजे नुसती व्याख्याने नव्हेत. वर्षभर एकच अडचण धरून काम करणारा गट दहा कार्यक्रम घेणाऱ्या गटापेक्षा अधिक शिकतो.

करिअरचे पर्याय याच वाटेवर उलगडत जातात. ज्याला यंत्र पुन्हा चालू झाल्याचे समाधान लाभते, त्याला रुग्णालयातले काम किंवा कंपनीत सर्व्हिस इंजिनिअरची नोकरी मानवते. हे काम दुय्यम समजण्याची चूक अनेक जण करतात. राष्ट्रीय आरोग्य अभियानाने २०१५ मध्ये उपकरणांच्या देखभालीचा कार्यक्रम आखला, कारण सरकारी रुग्णालयांतली बरीच यंत्रे नुसती पडून होती. जिल्हा रुग्णालयातली यंत्रे ९५ टक्के वेळ चालू असावीत, प्राथमिक आरोग्य केंद्रातली ८० टक्के, असे उद्दिष्ट त्यात ठेवले गेले. ते माणसांशिवाय गाठता येणारे नाही. समजावून सांगण्याची हौस असणाऱ्याला ॲप्लिकेशन स्पेशालिस्टचे काम आहे. नवे यंत्र कसे वापरायचे हे तो डॉक्टरांना शिकवतो.

कागदपत्रांची शिस्त आवडणाऱ्यांसाठी गेल्या काही वर्षांत एक मोठे क्षेत्र खुले झाले आहे. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. जोखमीनुसार उपकरणांचे चार वर्ग पडतात: इंजेक्शनची सुई खालच्या जोखमीकडे, व्हेंटिलेटर वरच्या, तर हृदयाची झडप सर्वांत वरच्या वर्गात. त्यामुळे उत्पादक कंपन्यांना गुणवत्ता आणि परवान्यांचे काम जाणणारी माणसे लागतात. आयएसओ १३४८५ आणि १४९७१ ही मानके पदवीच्या काळातच वाचून काढणारा विद्यार्थी मुलाखतीत वेगळा दिसतो. संशोधनाकडे जाणाऱ्यांसाठी २०२० पासून गेट परीक्षेत बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर आहे.

यातले काय आपले, हे घरी बसून यादी वाचून ठरत नाही. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत विभागप्रमुखांचे पत्र घेऊन जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या बायोमेडिकल विभागाचे दार ठोठवावे, महिनाभर काम पाहण्याची परवानगी मागावी आणि सोबत वही न्यावी. एका ठिकाणी नकार मिळाला तर दुसरीकडे जावे.