‘उशिरा बोलेल’ म्हणता म्हणता पाच वर्षे गेली

बालाघाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात सोयाबीनचे मळणीयंत्र सुरू झाले की सात वर्षांचा एक मुलगा दोन्ही कानांवर हात दाबून कणगीमागे जाऊन बसतो. यंत्र बंद झाले तरी तासभर बाहेर येत नाही. एरवी उलटी करून ठेवलेली सायकल हेच त्याचे खेळणे. चाक फिरवायचे आणि बघत बसायचे. नावाने हाक मारली तर वळून पाहत नाही. पण लांब फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला की हातातले टाकून ओट्यावर पळत येतो. म्हणजे कान शाबूत आहेत. (गावाचे व मुलाचे नाव येथे देत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे.)

या मुलाला स्वमग्नता, डॉक्टरी भाषेत ऑटिझम, आहे हे घरच्यांना कळायला पाच वर्षे लागली. आईला दुसऱ्याच वर्षी शंका आली होती. “आत्याबाई म्हणल्या, ह्याचा बाप बी चवथ्या वर्षी बोलला. मंग मी कुणाला सांगू?” असे ती म्हणते. पुढे अंगारे झाले, नवस झाले, कान तपासून झाले, टॉनिकच्या बाटल्या झाल्या. शेवटी शहरातल्या एका दवाखान्याने ‘स्टेम सेल’ची इंजेक्शने सुचवली. खर्च लाखांत. वडिलांनी विहिरीकडचा अर्धा एकर विकायला काढला, विसारही घेतला.

तो व्यवहार मोडला अंगणवाडीत. आरोग्य पथक तपासणीला आले होते. तसे ते आधीही येऊन गेले होते. पण पोरगा इतरांना ढकलतो, एका जागी बसत नाही, म्हणून त्याला अंगणवाडीत पाठवतच नसत. साहजिकच तो कोणत्याही यादीत आला नाही. या खेपेला अंगणवाडीताई स्वतः घरी जाऊन त्याला घेऊन आल्या. पथकातील डॉक्टरबाईंनी फार काही विचारले नाही. “काही पाहिजे असलं तर बोट दाखवतो का?” एवढेच. आई म्हणाली, “बोट कधीच दाखवलं न्हाई. माझं मनगट धरतो आन् माठापाशी नेतो.” बाईंनी जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी लिहून दिली.

वेड नव्हे, बाहेरची बाधाही नव्हे

स्वमग्नता म्हणजे मेंदूची घडणच वेगळी असणे. बोलणे, नजरेला नजर देणे, दुसऱ्याच्या मनातले ओळखणे या गोष्टी अशा मुलांना अवघड जातात. एकच क्रिया पुन्हा पुन्हा करणे, रोजचा क्रम मोडला की चिडणे, आवाज, उजेड किंवा कपड्याचा स्पर्श सहन न होणे, हेही त्यातच येते. काही मुले पुढे शिकून नोकरी करतात, काहींना जन्मभर सोबत लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालच्या अंदाजानुसार जगात सुमारे १२७ माणसांमागे एकाला ही अवस्था असते. या हिशेबाने अडीच हजार वस्तीच्या गावात वीसच्या आसपास माणसे निघतील. आपल्या गावच्या नोंदवहीत किती आहेत, हे ग्रामसेवकांनी (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) एकदा उघडून पाहावे.

आईने लाड केले नाहीत, गरोदरपणी ग्रहण पाहिले, मोबाइल हातात दिला, म्हणून ऑटिझम होत नाही. लसीनेही होत नाही. गोवराच्या लसीचा संबंध जोडणारा एक लेख १९९८ साली इंग्लंडच्या ‘लॅन्सेट’ साप्ताहिकात आला होता. तो २०१० मध्ये त्याच साप्ताहिकाने मागे घेतला. तरीही त्या भीतीने लस चुकवणारे लोक अजून भेटतात. आणि स्टेम सेलचे म्हणाल, तर ऑटिझमसाठी हा उपचार देऊ नये, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. ऑटिझम मुळापासून घालवणारे औषध आज कोणाकडेही नाही. जो तसे सांगतो त्याच्यासाठी जमीन विकू नये.

घरच्यांनी पाहायचे ते साधे आहे. वर्षाचे मूल नावाला प्रतिसाद देत नाही, दीड वर्षाचे झाले तरी बोट दाखवून वस्तू मागत नाही, दोन वर्षांचे झाले तरी दोन शब्द जोडून बोलत नाही, किंवा आधी बोलत होते ते बोलणेच बंद झाले. यातले एक जरी दिसले तरी वाट पाहू नये. आधी कानाची तपासणी करून घ्यावी, कारण बहिरेपणाही असू शकतो. कान ठीक निघाले म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. या घरात नेमके तेच झाले. कानाचा रिपोर्ट चांगला आला म्हणून पेढे वाटले.

चिठ्ठी घेऊन कोठे जायचे?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात, पालघर येथे सुरू झाला. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुले येतात. पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडी व एकदा शाळा तपासायची आणि शंका वाटलेले मूल जिल्ह्याच्या शीघ्र निदान व उपचार केंद्राकडे पाठवायचे, अशी रचना आहे. हे केंद्र जिल्हा रुग्णालयाशी जोडलेले असते. बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, वाचा उपचार करणारे, फिजिओथेरपी करणारे लोक तेथे एका छताखाली असावेत, असे अपेक्षित आहे. सगळी पदे भरलेली असतात असे नाही, म्हणून आशाताईंकडून आधी फोन करून घ्यावा. फुकट हेलपाटा म्हणजे दोघांची मजुरी आणि एसटीचे भाडे.

निदान झाले की दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढावे. ऑटिझमसाठी ‘इसा’ नावाची भारतीय मोजपट्टी वापरतात. तिच्यात ४० मुद्दे आहेत. त्यामुळे मुलाला रोज पाहणारे माणूस, म्हणजे बहुधा आई किंवा आजी, सोबत हवेच. वडील एकटेच घेऊन गेले तर निम्म्या प्रश्नांना ‘घरी विचारून सांगतो’ असे उत्तर द्यावे लागते. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरायचा असतो, सेवा केंद्रात भरून मिळतो. तपासणीनंतर जे कार्ड येते त्याचा रंग टक्केवारीप्रमाणे असतो : ४० टक्क्यांखाली पांढरे, ४० ते ८० दरम्यान पिवळे, ८० व त्यापुढे निळे. लहान मुलाचे प्रमाणपत्र मुदतीचे असू शकते. त्यावरची तारीख पाहून ठेवावी.

‘हे आमच्या यादीत बसत नाही’ असे उत्तर काही ठिकाणी अजून मिळते. त्याचे मूळ जुने आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते आणि त्यांत ऑटिझम नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार झाले, त्यांतही तो स्पष्ट आहे, आणि हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. टेबलामागच्या माणसाला हे वर्ष सांगावे. भांडण करण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

कार्ड हाती आले की पुढची दारे उघडतात. एसटीच्या भाड्यात दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे. संजय गांधी निराधार योजनेत ४० टक्के व त्यावर दिव्यांगत्व असणाऱ्यांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वार्षिक ५० हजार आहे. अर्ज तहसीलला करायचा. २०२५ च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने दिव्यांगांचे अनुदान दरमहा दीड हजारावरून अडीच हजार करण्याचा निर्णय घेतला. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना एक लाख रुपयांपर्यंतची आहे. तिला वयाची अट नाही, आधी वैद्यकीय तपासणी नाही, आणि नियमित थेरपीचा खर्चही ठरलेल्या मर्यादेत मिळतो. खेड्यात या योजनेचे नावसुद्धा फारसे कोणी ऐकलेले नाही.

मार्चअखेरची ब्लँकेटे

ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. पूर्वी हे प्रमाण ३ टक्के होते. अनेक गावांत मार्चअखेर एक कार्यक्रम होतो, सगळ्यांना सारखी रक्कम किंवा ब्लँकेट वाटतात, फोटो निघतो, निधी संपतो. न वाटण्यापेक्षा बरे, एवढेच म्हणता येईल. ऑटिझम असलेल्या मुलाला ब्लँकेट नको आहे. त्याला महिन्यातून दोनदा जिल्ह्याच्या केंद्रात जाण्यायेण्याची सोय हवी. ग्रामसभेत ठराव घेऊन गरजेप्रमाणे खर्च करता येईल की नाही, हे सरपंचांनी गटविकास अधिकाऱ्यांना लेखी विचारावे. तोंडी विचारले की तोंडी नाही येते.

शाळेचेही तसेच. ६ ते १४ वर्षांच्या कोणत्याही मुलाला जिल्हा परिषद शाळा नाकारू शकत नाही. ४० टक्के व त्यावर दिव्यांगत्व असेल तर २०१६ च्या कायद्याने १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तालुक्याच्या गट साधन केंद्रात विशेष शिक्षक असतात. मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावून घ्यावे. वर्गात बसवताना दारापासून लांब, भिंतीकडेला जागा द्यावी आणि घंटा कानाशी वाजू नये, एवढे पाहिले तरी पुष्कळ फरक पडतो. या मुलाच्या गुरुजींनी तास बदलण्याआधी त्याला हात करून सांगण्याची सवय लावली. रडणे थांबले असे नाही. पूर्वी रोज असे, आता आठवड्यातून दोनदा.

घरची शाळा

थेरपी करणारी माणसे शहरात आणि मूल वस्तीवर, ही खरी अडचण आहे. तिच्यावर एक वाट गोव्यात शोधली गेली. तेथील ‘संगाथ’ संस्था आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथील मंडळी यांनी मिळून ६५ मुलांवर एक अभ्यास केला. तो २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त प्रसिद्ध झाला. त्यात आईबापांना शिकवणारे मोठे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्यसेवक होते. आई व मूल खेळत असताना चित्रण करायचे, मग दोघांनी बसून ते पाहायचे, आणि मुलाने कोठे इशारा केला व आपण तो कोठे चुकवला ते शोधायचे. अशा घरांत आईबाप मुलाच्या कलाने वागू लागले आणि मुलेही आपण होऊन संवाद साधायला जास्त पुढे आली.

यासाठी लागणारा मोबाइल आज बहुतेक घरांत आहे. मुलाच्या डोळ्यांच्या पातळीला बसावे. त्याने चाक फिरवले तर ते हिसकावून न घेता आपणही फिरवावे, ‘फिरलं’ एवढाच शब्द म्हणावा आणि थांबावे. हे थांबणे सगळ्यांत अवघड. आपण लगेच दहा प्रश्न विचारतो. या घरातल्या आईने माठ, भाकरी, आंघोळीची बादली, दप्तर यांचे फोटो काढून छापून आणले आणि दिवसाच्या क्रमाने भिंतीला लावले. मुलगा अजून बोलत नाही. पण तहान लागली की माठाचा फोटो काढून आईच्या हातात देतो. “पयल्यांदा दिला तवा मी रडलेच,” ती म्हणाली.

आईबापाच्या मनावरचा ताण हा वेगळाच विषय. सोयरे येईनासे होतात, लग्नाकार्यात ‘त्याला घरी ठेवा’ असे सांगतात. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलता येते, मराठीतही.

विहीर आणि सातबारा

दोन गोष्टी शहरातल्या माहितीपत्रकांत सापडत नाहीत, पण शेतकऱ्याच्या घरात त्यांनाच पहिला मान. एक म्हणजे पाणी. अशी मुले न सांगता निघून जातात आणि अनेकदा पाण्याकडे ओढली जातात. हाक ऐकून थांबत नाहीत. कठडा नसलेली विहीर, कुंपण नसलेले शेततळे, पाट, हे त्यांचे वैरी. गळ्यात किंवा सदऱ्याच्या आत फोन नंबर शिवून ठेवावा. कीटकनाशकाच्या बाटल्या कुलपात ठेवाव्यात, कारण काही मुले हाताला लागेल ते तोंडात घालतात.

दुसरी गोष्ट जमीन. ‘त्याला काय कळतंय’ म्हणून वारस नोंदीत अशा मुलाचे नाव गाळले जाते, किंवा मोठा झाल्यावर हक्कसोडपत्रावर त्याचा अंगठा घेतला जातो. हिंदू वारसा कायदा १९५६ चे कलम २८ सांगते की आजार किंवा व्यंग यांमुळे कोणाचाही वारसा जात नाही. तलाठ्यांनी (आता ग्राम महसूल अधिकारी) हे कलम लक्षात ठेवावे. मूल १८ वर्षांचे झाले की आईबापही आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. त्यासाठी १९९९ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करायचा असतो. कोर्टात जावे लागत नाही. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची आणि दर आर्थिक वर्षाचा हिशेब सादर करायचा. म्हणजे चुलत्याला किंवा भावाला पालक केले, तरी वावर परस्पर विकता येऊ नये अशी सोय आहे.

“आमच्या माघारी ह्याचं कोण बघंल?” असे वडिलांनी आम्हाला तीनदा विचारले. समितीचे ऐकल्यावर त्यांनी कागदावर लिहून घेतले. विसार त्यांनी केव्हाच परत केला. विहिरीकडच्या अर्ध्या एकरात औंदा तूर उभी आहे. मात्र शाळेमागच्या सार्वजनिक विहिरीला कठडा बांधून द्यावा, हा त्यांचा अर्ज ग्रामपंचायतीत जूनपासून पडून आहे.