विश्लेषण : ऑनलाइन ‘डंजन’ गेममधले अलिखित नियम कोण ठरवते? ते मोडले तर काय होते?

‘जेवायला ये’ अशी हाक आली की ‘पाच मिनिटे, मध्येच उठता येत नाही’ हे उत्तर अनेक घरांत ऐकू येते. दर वेळी तो बहाणा नसतो. एकट्याने खेळायचा गेम थांबवून ठेवता येतो. मात्र ऑनलाइन ‘डंजन’मध्ये उतरलेल्या पाच जणांपैकी एक जण उठला, तर उरलेल्या चौघांचा अर्धा तास वाया जाऊ शकतो. हे चौघे बहुधा एकमेकांना ओळखतही नसतात, खेळ संपल्यावर पुन्हा भेटण्याची शक्यताही कमीच. तरीही तिथे वागण्या-बोलण्याचे, थांबण्याचे, वाटून घेण्याचे काटेकोर संकेत आहेत. त्यातले काही खेळाडूंनी घडवले, काही मोडीत निघाले आणि काही शेवटी गेम बनवणाऱ्यांना थेट गेममध्येच बसवावे लागले.

डंजन गेम म्हणजे नेमके काय?

डंजन म्हणजे किल्ल्याच्या पोटातली अंधारकोठडी. गेमच्या भाषेत मात्र भुयार, गुहा, पडका वाडा, काहीही डंजन असू शकते. आत शत्रूंच्या टोळ्या, वाटेत दोन-तीन बलाढ्य ‘बॉस’ आणि शेवटी खजिना. ही कल्पना 1974 मध्ये आलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायच्या खेळातून रुजली. 1978 मध्ये ब्रिटनच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी ‘मड’ हा संगणकावर अनेकांनी मिळून खेळायचा गेम तयार केला. या नावातला ‘ड’ डंजनचाच.

शिष्टाचाराचा प्रश्नही तेव्हापासूनचा. 1985 साली अटारीने ‘गाँटलेट’ हा गेम आणला. एकाच यंत्रासमोर चौघांनी खांद्याला खांदा लावून उभे राहायचे. जगायचे तर वाटेत पडलेले अन्न उचलायला हवे, पण चुकून त्यावर बाण लागला की ते नष्ट. अशा वेळी यंत्र मोठ्याने, सर्वांना ऐकू जाईल असे सांगायचे की अन्नावर बाण कोणी मारला! खेळघरात चारचौघांसमोर नाव निघणे ही शिक्षा पुरेशी होती.

आजच्या ऑनलाइन डंजनचा साचा घट्ट झाला तो 1999 च्या ‘एव्हरक्वेस्ट’पासून आणि विशेषतः 2004 मध्ये आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मुळे.

पाच जणांत कामाची वाटणी कशी असते?

एक टँक, एक हीलर आणि तीन डीपीएस. टँक जाड चिलखत घालून सर्वात पुढे उभा राहतो आणि शत्रूंचे घाव अंगावर घेतो. हीलर मागून सर्वांच्या जखमा भरत राहतो. डीपीएस म्हणजे मारणारे. त्यांचा मारा जबरदस्त, पण अंगावर संरक्षण जवळपास नाही.

सारी गंमत, आणि सारी भांडणे, ‘अॅग्रो’ या एका गोष्टीभोवती फिरतात. ज्याच्यापासून सर्वाधिक धोका वाटेल त्याच्यावर शत्रू धावून जातो, असा हिशेब गेम सतत करत असतो. टँकचे काम हा राग स्वतःकडे ओढून घेण्याचे. त्याने तो ओढून घेण्याआधीच एखाद्या उतावळ्या डीपीएसने बाण सोडला, तर शत्रू त्याच्याकडे वळतो. मग हीलर त्याला वाचवायला धावतो. जखमा भरल्यानेही शत्रूचा राग वाढतो, त्यामुळे आता शत्रू हीलरकडे वळतो. हीलर पडला की टँक पडतो आणि मिनिटभरात पाचही जण गतप्राण. या सामुदायिक मरणाला गेमर ‘वाइप’ म्हणतात.

म्हणून पहिला अलिखित नियम असा की सुरुवात टँकने करायची. दुसरा, हीलरची शक्ती म्हणजे ‘माना’ संपत आली असेल तर टँकनेही थांबायचे. तिसरा नवख्यांना सहसा कळत नाही. हीलरला दिसणार नाही अशा कोपऱ्यात जाऊन लढायचे नाही, कारण भिंतीआडच्या माणसाला औषध पोहोचत नाही. हे तिन्ही नियम सभ्यतेचे वाटतात, पण ते मुळात गणिताचे आहेत. उद्धटपणाची किंमत इथे लगेच आणि सर्वांना मोजावी लागते.

2005 सालच्या ‘लीरॉय जेनकिन्स’ या व्हिडिओत हेच दिसते. खोलीबाहेर उभा असलेला गट बारकाईने आखणी करतो आहे, कोणी तर जिवंत राहण्याची टक्केवारी काढतो आहे. इतक्यात संगणकापासून उठून गेलेला एक सोबती परततो आणि काहीही न ऐकता स्वतःच्या नावाची आरोळी ठोकत आत घुसतो. सगळे मरतात. हा प्रसंग ठरवून चित्रित केला होता, हे बनवणाऱ्यांनी नंतर सांगितले. अति-नियोजनाची ती थट्टा होती. पण जगभरच्या गेमरना तो खरा वाटला, कारण असा एक लीरॉय प्रत्येकाला कधी ना कधी भेटलेला असतो.

पूर्वी नियम पाळले जात, ते कशामुळे?

पुन्हा भेट होणार होती म्हणून. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या सुरुवातीच्या काळात प्रत्येक सर्व्हर म्हणजे एक गाव होते. डंजनला जायचे तर शहराच्या चॅटमध्ये ‘हीलर हवा’ अशी हाकाटी करायची, माणसे जमवायची आणि मग दरवाजापर्यंत प्रवास करायचा. यात तास गेला तरी नवल नसे. पण त्यामुळे कोण मध्येच सोडून जातो, कोण नवख्याला सांभाळून घेतो, हे सगळ्यांना ठाऊक असे. बदनाम माणसाला कोणी सोबत घेत नसे.

डिसेंबर 2009 मध्ये ‘डंजन फाइंडर’ आला. एक बटण दाबून रांगेत नाव टाका, गेम वेगवेगळ्या सर्व्हरवरचे पाच जण निवडून थेट भुयाराच्या तोंडाशी नेऊन सोडतो. सोय प्रचंड होती, आणि ज्यांना आठवड्यातून दोनच तास मिळतात अशा नोकरदार गेमरसाठी ती वरदानच ठरली. पण गाव संपले आणि रेल्वेचा डबा सुरू झाला. उतरल्यावर कोण कोणाचा? नमस्कार-चमत्कार कमी झाले, ‘चला, चला’ची घाई वाढली आणि पहिल्या चुकीला शिव्या मिळू लागल्या.

याचा सर्वाधिक फटका टँक आणि हीलरना बसला. दहा जणांच्या चुका होत असतात, पण टँक चुकला तर लगेच दिसते. साहजिकच या भूमिका घ्यायला लोक कचरू लागले आणि मारणाऱ्यांच्या रांगा लांबल्या. 2011 मध्ये ब्लिझार्ड कंपनीने तुटवडा असलेली भूमिका घेणाऱ्याला जास्तीचे बक्षीस देण्याची योजना आणली. मध्येच पळणाऱ्याला काही काळ पुन्हा रांगेत उभे राहू न देणे आणि त्रासदायक सोबत्याला मतदानाने बाहेर काढणे, हे उपायही आले. मतदानाच्या अधिकाराचा गैरवापर होतो, हे वेगळे सांगायला नको. नवखा हीलर जरा सावकाश दिसला की चार अनोळखी मते एकत्र येतात. त्याला कारणही कळत नाही, आणि तो बहुधा पुन्हा हीलर होत नाही.

लूट कोणाची?

इंग्रजीतला ‘लूट’ हा शब्द मूळचा आपल्याकडचाच. वाटपाची भांडणेही आपल्या ओळखीची. बॉस मेला की एखादी तलवार पडते. ती पाचांपैकी एकालाच मिळणार. रूढ पद्धत अशी की खरोखर वापरणार असेल त्याने ‘नीड’ म्हणायचे, नुसती विकायची असेल तर ‘ग्रीड’, नको असेल तर ‘पास’. मग 1 ते 100 मधला आकडा पडतो आणि मोठा आकडा जिंकतो. वापरता येत नसतानाही ‘नीड’ दाबून वस्तू पळवणाऱ्याला ‘निन्जा’ म्हणतात, आणि हे विशेषण कौतुकाचे नाही.

चाळीस-चाळीस जणांच्या मोठ्या मोहिमांत, म्हणजे ‘रेड’मध्ये, नुसत्या नशिबावर भागेना. ‘एव्हरक्वेस्ट’मधील एका गिल्डने 1999 मध्ये ‘ड्रॅगन किल पॉइंट्स’ ही पद्धत काढली. हजेरी लावली की गुण जमा होतात, वस्तू घेतली की वजा होतात. ज्यांनी भिशी चालवली आहे त्यांना यातली मेख लगेच कळेल. पहिला नंबर लागलेला माणूस पुढचे हप्ते भरतो का, यावर सगळे उभे असते. हवी ती तलवार मिळताच गिल्ड सोडून जाणारा ही इथली सर्वात कडवट तक्रार आहे.

काही गेमनी भांडणाचे मूळच काढून टाकले. डेन्मार्कमध्ये तयार झालेल्या, 2020 साली पूर्ण स्वरूपात आलेल्या ‘डीप रॉक गॅलॅक्टिक’मध्ये चार बुटके खाणकामगार गुहेत उतरतात. कोणीही खणलेले खनिज सर्वांच्या खात्यात सारखेच जमा होते. तरी एक मोह शिल्लक ठेवला आहे. दारूगोळ्याची पेटी मागवली की तिच्यात चार कप्पे असतात, माणशी एक. दोन घेणारा तिथे पंगतीत दुसऱ्याच्या पानातले उचलणाऱ्याइतकाच वाईट ठरतो.

चांगल्या वागण्याला बक्षीस देता येते का?

याचे सर्वात विचारपूर्वक दिलेले उत्तर ‘फायनल फँटसी 14’ या जपानी गेममध्ये सापडते. नव्या खेळाडूच्या नावाशेजारी हिरव्या अंकुराचे चिन्ह दिसते, म्हणजे हा शिकतो आहे हे सर्वांना न सांगता कळते. गटात कोणी त्या डंजनमध्ये पहिल्यांदाच आलेला असेल, तर शेवटी सगळ्यांनाच जादा बक्षीस मिळते. त्यामुळे ‘नवखा आहे’ ही बातमी ओझे न वाटता आनंदाची होते. डंजन संपल्यावर प्रत्येकाला एका अनोळखी सोबत्याला शाबासकीचे मत देता येते. बरोबर आलेल्या मित्राला नाही.

तरीही घाई सुटत नाही. याच गेममधील मुख्य कथेच्या दोन डंजनमध्ये अनुभवी खेळाडू कथेची दृश्ये वगळून पुढे पळत. ती पाहत बसलेला नवखा पोहोचेपर्यंत बॉस मेलेला असे. शेवटी ही दृश्ये कोणालाच वगळता येणार नाहीत असे करावे लागले. मग जुने खेळाडू तिथे जेवण उरकू लागले. 2022 मध्ये दोन्ही डंजन चौघांसाठी नव्याने बांधण्यात आले.

या गेममधल्या जपानी खेळाडूंत सुरुवातीला ‘योरोशिकु ओनेगाइशिमास’ आणि शेवटी ‘ओत्सुकारेसामा’ म्हणण्याची रीत आहे. पहिल्याचा भाव ‘सांभाळून घ्या’ असा, दुसऱ्याचा ‘दमलात, छान केलेत’ असा. वाक्ये ठरावीक आहेत म्हणून ती पोकळ ठरत नाहीत. आपणही मैदानात उतरताना मातीला हात लावतोच.

आकड्यांनी काय बिघडवले?

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये कोणी किती मारा केला हे दाखवणारी मीटर लावता येतात. चूक शोधायला ती उपयोगी आहेत, पण गटात सर्वांसमोर एखाद्याचा आकडा टाकून त्याला खाली पाडायलाही तितकीच. ‘फायनल फँटसी 14’मध्ये अशी बाहेरची साधने नियमाने निषिद्ध आहेत. मला हा निर्णय अधिक शहाणपणाचा वाटतो. वेळेवर बाजूला सरकलेला, शत्रूचा मंत्र मधेच तोडणारा, पडलेल्याला उठवणारा खेळाडू माऱ्याच्या यादीत तळाशी दिसू शकतो.

2016 मध्ये ‘वॉरक्राफ्ट’ने घड्याळ लावून खेळायची ‘मिथिक कीस्टोन’ डंजन आणली. ठरल्या वेळेत ते जमले नाही, तर ज्याची किल्ली त्याची पातळी खाली येते. एक जण रागाने निघून गेला तर नुकसान किल्ली आणणाऱ्याचे. त्यामुळे सोबती निवडताना आधीचा गुणांक तपासला जातो. गुणांक नाही म्हणून कोणी घेत नाही, कोणी घेत नाही म्हणून गुणांक वाढत नाही. ‘अनुभव आवश्यक’ असे लिहिलेल्या नोकरीच्या जाहिराती वाचून थकलेल्या तरुणांना हे नवे नाही.

मग गिल्डचे काय?

गर्दीच्या डब्याला पर्याय म्हणून गिल्ड टिकून आहेत. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी भेटणारे हे मंडळच. त्याची खोली किती असू शकते, हे नॉर्वेच्या मॅट्स स्टीन या तरुणामुळे जगाला कळले. स्नायूंच्या दुर्धर आजाराने खिळलेल्या मॅट्सचे 2014 मध्ये, वयाच्या 25 व्या वर्षी निधन झाले. मुलगा एकटाच होता, असे आई-वडिलांना वाटत होते. त्यांनी त्याच्या ब्लॉगवर निधनाची बातमी टाकली आणि ‘वॉरक्राफ्ट’मधील सोबत्यांचे संदेश येऊ लागले. काही जण परदेशातून अंत्यसंस्कारालाही आले. त्याच्यावरचा ‘द रिमार्केबल लाइफ ऑफ इबेलिन’ हा माहितीपट 2024 मध्ये प्रदर्शित झाला. इबेलिन हे त्याच्या पात्राचे नाव.

भारतातून खेळताना काय लक्षात ठेवावे?

मोबाइलवर ‘बीजीएमआय’ खेळणाऱ्यांना चौघांचे पथक, पडलेल्याला उठवणे, नकाशावर खूण करणे हे परिचित आहे. डंजनमध्ये त्याचीच पुढची पायरी असते, फक्त सोबती अनेकदा दुसऱ्या देशातले असतात. पहिल्यांदा येत असाल तर आत शिरताच तसे लिहावे. बहुतेक गट वेग कमी करतात. कोणी चुकले तर सगळ्यांसमोर व्याख्यान देण्यापेक्षा त्या एकाला खासगी संदेशात दोन ओळी लिहाव्यात, तेही त्याने विचारले तर. उठायचेच असेल तर बॉस मेल्यानंतर, सांगून उठावे.

आपल्याकडची खरी अडचण मात्र वीज आणि नेटवर्क. परदेशी सर्व्हरवर आपली कृती आधीच क्षणभर उशिरा पोहोचते, त्यामुळे टँकची भूमिका घेताना पुढचा हल्ला थोडा आधी ओळखावा लागतो. वीज गेली तर पलीकडच्यांना ते कळत नाही. त्यांना फक्त पुतळ्यासारखे उभे राहिलेले एक पात्र दिसते. काही गट दोन-तीन मिनिटे थांबतात, काही लगेच मतदान घेतात. त्यामुळे नियमित खेळणारे अनेक जण संगणकाआधी वायफायचा राउटर इन्व्हर्टरवर घेतात आणि मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवतात. परत येता आले, तर पहिला संदेश ‘वीज गेली होती’ एवढाच पुरतो.