सव्वा तासाची शागिर्दी

क्योतोच्या हिगाशियामा भागात, तोयोकुनी मंदिराजवळ, कानशुन्दोचं मिठाईचं दुकान आहे. पेढी १८६५ सालची. क्योतोच्या मानाने हे वय मधलंच, कारण याच शहरातली तावाराया योशितोमी १७५५ पासून चालू आहे. या दुकानात गिऱ्हाइकाला स्वतःच्या हाताने वागाशी, म्हणजे पारंपरिक जपानी मिठाई, करायला शिकवतात. वर्ग साधारण सव्वा तासाचा. तीन ओल्या आणि एक कोरडी असे चार नग होतात, कोणते ते ऋतूवर ठरतं. शेवटी मात्चाचा, म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीचा, पेला समोर येतो आणि आपलीच एक मिठाई चाखायला मिळते.

चारांत कोरडी सर्वांत सोपी. साखर आणि तांदळाचं बारीक पीठ जेमतेम दमट करायचं, लाकडी साच्यात घट्ट दाबायचं आणि साचा ठोकून नग बाहेर काढायचा. असे साचे चेरीच्या लाकडाचे, आत नक्षी उलटी कोरलेली. ते कोरणारे कारागीर वेगळे, आणि आता ते जपानभरात मोजकेच उरले आहेत.

खरा कस लागतो तो ओल्या मिठाईत. तिचं आवरण पांढऱ्या घेवड्याच्या गोड लगद्याचं. त्यात चिकट तांदळाचं पीठ साखरेत शिजवून मिसळलं की नेरिकिरी होते, गव्हाचं पीठ घालून वाफवून मळलं की कोनाशी. क्योतोचा ओढा कोनाशीकडे. तळहातावर पंचवीसेक ग्रॅमची चकती घ्यायची, मधे सारणाची गोळी ठेवायची आणि फिरवत फिरवत कड वर चढवून तोंड मिटवायचं. उकडीचे मोदक वळणाऱ्या हाताला ही हालचाल ओळखीची वाटेल, फक्त इथे कळ्या पाडायच्या नसतात आणि सांधा तर मुळीच दिसता कामा नये. हात कोरडे असले तर आवरणाला भेगा जातात, ओले असले तर ते बोटांना चिकटतं. म्हणून पिळून घेतलेला ओला फडका शेजारी हवाच.

रंगाचीही गंमत आहे. फुलाला गुलाबी छटा हवी असेल तर रंग वरून लावत नाहीत. गुलाबी थरावर पांढऱ्याचा पातळ पापुद्रा चढवतात, म्हणजे आतला रंग बाहेर झिरपल्यासारखा दिसतो. मग हातात येते त्रिकोणी लाकडी पट्टी. तिच्या कडा सारख्या नसतात: एक धारदार, एक बोथट, एक जोडरेघ उमटवणारी. तळापासून माथ्यापर्यंत पाच वेळा दाबली की चेरीच्या पाच पाकळ्या होतात. अंतर चुकलं तर पाकळ्या लहानमोठ्या होतात. जास्त हाताळावं तर वरचा थर कोरडा पडतो.

सारण मात्र वर्गात तयारच मिळतं, आणि या धंद्याचा जीव तर त्यातच आहे. त्यासाठी लागते तांबडी अझुकी, आपल्या मुगाचवळीच्या कुळातली. क्योतोकडचे कारागीर तांबा भागातल्या दाइनागोन जातीला मान देतात, कारण तिचा दाणा टपोरा असतो आणि शिजताना साल सहसा फुटत नाही. दाणे उकळायचे आणि तुरटपणा जावा म्हणून पहिलं पाणी फेकून द्यायचं. मऊ झाले की चाळणीवर घासून सालं वेगळी करायची. गर पाण्यात निवळू द्यायचा, वरचं गढूळ पाणी ओतून टाकायचं, पुन्हा पाणी घालायचं. शेवटी तो कापडात पिळून साखरेबरोबर आटवायचा. इतक्या धुण्यामागे कारण आहे. शिजलेल्या दाण्यातला स्टार्च पेशींच्या आतच कोंडलेला राहतो. पेशी अख्ख्या सुट्या झाल्या तर सारण जिभेवर रेशमासारखं लागतं, फुटल्या तर त्याची खळ होते.

या सगळ्याला पूर्वी अडसर होता साखरेचा. ती बाहेरून यायची आणि महाग असायची. १७७५ मध्ये क्योतोत पांढऱ्या साखरेची उंची मिठाई करणाऱ्यांचा संघ २४८ दुकानांपुरता बांधून टाकला होता. गिऱ्हाईक होतं दरबार, देवळं आणि चहाचे गुरू. कडू मात्चाच्या आधी खायचा हा एक घास, त्यामुळे त्याला उग्र वास चालत नाही, आणि दूध-लोणी तर त्यात कधी नव्हतंच. अंड्यांचा कास्तेरा केक सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर आला, पण त्याची जात वेगळी.

चहाच्या मंडळींनी मिठाईला नावं देण्याची चालही रुजवली. मे महिन्यात कारागोरोमो मिळते: चौकोनी चकतीची चार टोकं मधे दुमडलेली, जांभळी-पांढरी. तिचं नाव इसे मोनोगातारी या जुन्या जपानी ग्रंथातल्या आयरिस फुलांच्या कवितेतून आलं. तीस जूनला क्योतोकर मिनाझुकी खातात, पांढरा त्रिकोण आणि वर अझुकी. त्रिकोण म्हणजे बर्फाचा तुकडा, कारण एके काळी उन्हाळ्यात खरा बर्फ फक्त सरदारांच्या वाट्याला यायचा. हुबेहूब फूल करणं इथे कच्चेपणाचं लक्षण मानतात. इशारा पुरेसा असतो, उरलेलं नावाने भागतं. नाव असलेल्या या नेरिकिरी आणि कोनाशी मिठाया जपान सरकारने २०२२ मध्ये नोंदणीकृत अमूर्त सांस्कृतिक ठेवा म्हणून जाहीर केल्या.

ज्यांना हाच धंदा करायचा आहे ते मिठाईच्या शाळेत जातात किंवा दुकानात उमेदवारी करतात आणि पुढे सरकारी कौशल्य परीक्षाही देतात. सारणाच्या कढईशी उभं राहायला मिळेपर्यंत बरीच भांडी घासावी लागतात. सव्वा तासात त्यातलं काही हाती लागत नाही. पण वर्गातून उठून काउंटरपाशी गेलेला माणूस आता सांधा शोधतो, पाकळ्यांची अंतरं पाहतो आणि एका घासाला चारपाचशे येन का पडतात हे विचारत नाही. ओली मिठाई दुसऱ्या दिवसापर्यंत जेमतेम टिकते, रोजची रोज खपवावी लागते. असा माल साठवणुकीवर किंवा जाहिरातीवर फार काळ तगत नाही, त्याला जाणतं गिऱ्हाईक लागतं, आणि ते या टेबलावर तयार होतं.