बादलीतली कुस्ती

कोल्हापूरकडच्या एका वस्तादांनी विचारलं आहे : ‘तालमीत मॅट आली तेव्हापासून रोज पुसतो. बादलीत धुण्याची पावडर टाकतो, वर जंतुनाशक, तेही दुप्पट. तरी पोरांचा नायटा हटत नाही. मातीच बरी होती का?’

मातीकडे येऊच. आधी बादलीत डोकावू, कारण खरी झोंबी तिथे चालली आहे.

मॅटसाठी मिळणारी पुष्कळशी औषधं ‘क्वाट’ कुळातली, म्हणजे क्वाटर्नरी अमोनियम संयुगं असतात. त्यांच्या रेणूचं डोकं धनभारित, तर जिवाणूचं अंग ऋणभारित. रेणू जाऊन चिकटतो, आपली तेलकट शेपटी जिवाणूच्या पटलात खुपसतो आणि पटल फाटतं. धुण्याच्या पावडरीच्या रेणूलाही अशीच शेपटी असते, फक्त डोकं ऋणभारित. दोघं एका बादलीत उतरले की जंतू राहतात बाजूला आणि हेच एकमेकांना मिठी मारून बसतात. कुस्ती बरोबरीत, प्रेक्षक खूश. प्रेक्षक म्हणजे जंतू. शाम्पू धुऊन टाकल्यावरच कंडिशनर लावायचा, त्यामागेही हेच रसायन आहे. कंडिशनरमध्ये क्वाटचेच भाऊबंद असतात. एवढं करून उरलेल्या औषधातलं बरंचसं सुती पोछा धरून ठेवतो. दुप्पट औषध गेलं कुठे, ते वस्तादांना आता कळेल.

या क्वाटना जंतुनाशक म्हणून पुढे आणलं गेरहार्ड डोमाक या जर्मन डॉक्टरने, 1935 मध्ये. पहिल्या महायुद्धात त्याने जखमा सडून मरणारे सैनिक पाहिले होते. त्याच वर्षी त्याने प्रोन्टोसिल हे पहिलं सल्फा औषधही जाहीर केलं आणि सगळा गाजावाजा त्याचाच झाला. त्यासाठी 1939 चं नोबेल मिळालं, तर नाझी सरकारने त्याला अटक करून ते नाकारायला लावलं. पदक हाती पडलं 1947 मध्ये, पैसे मात्र नाहीतच! प्रोन्टोसिल आज दुकानात शोधूनही सापडणार नाही. क्वाट मात्र इस्पितळापासून तालमीपर्यंत सगळीकडे आहेत आणि त्यांच्यासाठी डोमाकचं नाव कुणी काढत नाही. मला हा अन्याय वाटतो.

तर वस्ताद, आधी साबणाने घाम, तेल, केस काढा. मग साध्या पाण्याने साबण घालवा. मग स्वच्छ बादलीत, लेबलावर लिहिलंय तेवढंच औषध. ते मॅटवर किती मिनिटं ओलं राहायला हवं हेही लेबलावर असतं, अनेकदा दहा. पुसलं की लगेच पंखा लावायचा ही आपली सवय इथे घात करते. लेबलावर बुरशीचा उल्लेख आहे ना, तेही पाहा. नायटा बुरशीचा, तिचे बीजाणू गळालेल्या कातडीच्या कोंड्यात महिनोन्‌महिने तग धरतात. ‘99.9 टक्के जंतू मारतो’ या दाव्याला फार भुलू नका. दहा लाखांतले हजार तरी उरतातच, आणि प्रयोगशाळेतल्या फरशीवर मॅटसारखी फाटलेली शिवण नसते.

आता माती. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेल्या हौद्याचा वास मलाही प्रिय आहे. पण हळद घातली म्हणजे माती निर्जंतुक झाली, हे समाजमाध्यमांवरचं विज्ञान. धनुर्वाताचे जंतू मातीतच राहतात.

शिवाय सगळा दोष मॅटचाही नाही. 1989 मध्ये अमेरिकेत मिनेसोटातल्या एका कुस्ती शिबिरात 175 पैकी 60 मुलांना नागिणीच्या जातीतल्या हर्पिस विषाणूची बाधा झाली. हा विषाणू मुख्यतः अंगाला अंग घासून पसरतो. नायटाही मॅटइतकाच अंगावरून, टॉवेलवरून, एकमेकांच्या लंगोटावरून फिरतो. म्हणून मॅट वाळेपर्यंतची ती दहा मिनिटं पोरांना रांगेत उजेडात उभं करा आणि मान, दंड, जांघ बघा. ज्याच्या अंगावर चट्टा दिसेल त्याला त्वचेच्या डॉक्टरकडे पाठवा. दुकानदाराने दिलेल्या स्टेरॉइडच्या ट्यूबने चट्टा फिका पडतो आणि बुरशी आत फोफावते. बरा होईपर्यंत त्याची जोड लावू नका. त्याने जोर-बैठका माराव्यात, आपल्या टॉवेलवर.