धावण्याचा हिशेब

शर्यतीचा निकाल घड्याळ सांगते. परंतु वेगवेगळ्या अंतरांच्या शर्यतींची तुलना केवळ घड्याळाच्या आकड्यांवरून होत नाही. त्यासाठी एकूण अंतरास एकूण वेळेने भागावे लागते. या भागाकारास सरासरी चाल म्हणतात. बोलताना आपण सर्रास ‘वेग’ म्हणतो. शास्त्रात मात्र मैदानाची फेरी मारून आरंभरेषेवर परतणाऱ्या धावपटूचा सरासरी वेग शून्य भरतो, कारण त्याचे विस्थापन शून्य असते. एवढे धावणाऱ्यावर हा अन्याय नको, म्हणून येथे ‘चाल’ हाच शब्द वापरू.

२००९ साली बर्लिन येथे उसेन बोल्टने १०० मीटर अंतर ९.५८ सेकंदांत कापले. त्याची सरासरी चाल सेकंदाला सुमारे १०.४४ मीटर होती. त्याच स्पर्धेत २०० मीटरसाठी त्याला १९.१९ सेकंद लागले. म्हणजे चाल १०.४२ मीटर. अंतर दुप्पट होऊनही चाल जवळजवळ तेवढीच राहिली, कारण जागेवरून सुटून पूर्ण गती घेण्यात जाणारा वेळ दोन्ही शर्यतींत एकदाच खर्ची पडतो. त्यापुढे मात्र अंतर वाढते तशी चाल घटते. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये चौथ्या आलेल्या मिल्खासिंग यांनी ४०० मीटर ४५.७३ सेकंदांत पार केले. त्यांची चाल सेकंदाला ८.७५ मीटर येते. केल्विन किप्टमने २०२३ साली शिकागो येथे ४२.१९५ किलोमीटरची मॅरेथॉन २ तास ० मिनिटे ३५ सेकंदांत पूर्ण केली. त्याची चाल सेकंदाला ५.८३ मीटर, म्हणजेच ताशी सुमारे २१ किलोमीटर होती.

लांब अंतराचे धावपटू हाच भागाकार उलटा करतात. वेळेस अंतराने भागले की एका किलोमीटरला लागणारा वेळ मिळतो. त्यास ते ‘पेस’ म्हणतात. किप्टमचा पेस सुमारे २ मिनिटे ५१ सेकंद होता. मनगटावरील घड्याळ वेळच दाखवते, म्हणून धावताना पेस अधिक उपयोगी पडतो.

सैन्यभरतीची तयारी करणाऱ्यांना याचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. तेथील धावण्याची चाचणी १.६ किलोमीटरची असते आणि ५ मिनिटे ३० सेकंदांच्या आत पोहोचणारा उमेदवार पहिल्या गटात येतो. ४०० मीटरच्या मैदानावर या चार फेऱ्या होतात. ३३० सेकंदांस चाराने भागता फेरीला ८२.५ सेकंद मिळतात. गर्दीच्या ओढीने एखाद्याने पहिली फेरी ७० सेकंदांत संपवली आणि दम लागून उरलेल्या तीन फेऱ्यांना प्रत्येकी ९० सेकंद लागले, तर एकूण ३४० सेकंद होतात. सुरुवातीला साडेबारा सेकंदांची बचत करूनही पहिला गट हातचा जातो.

सरासरी काढताना एक चूक फार होते. समजा, कोणी ६ किलोमीटर ताशी १२ च्या चालीने गेला आणि तेवढेच अंतर ताशी ८ च्या चालीने परतला. सरासरी १० वाटते; पण जाण्यास ३० मिनिटे व येण्यास ४५ मिनिटे लागली. ७५ मिनिटांत १२ किलोमीटर, म्हणजे ताशी ९.६. मंद चालीत त्याचा वेळ अधिक गेला, म्हणून सरासरी तिकडे झुकली. पेसचे तसे नाही. अंतरे सारखी असल्यामुळे ५ आणि ७.५ मिनिटांची साधी सरासरी ६.२५ बरोबर ठरते. मात्र ६.२५ मिनिटे म्हणजे ६ मिनिटे १५ सेकंद, २५ नव्हेत!

सरासरीला सगळे दिसते असेही नाही. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत बीड जिल्ह्याच्या अविनाश साबळे याने ३००० मीटर स्टीपलचेस शर्यत ८ मिनिटे ११.२० सेकंदांत पूर्ण करून रौप्यपदक मिळवले. सुवर्णपदक विजेत्या अब्राहम किबिवोटची वेळ होती ८ मिनिटे ११.१५ सेकंद. साबळेची सरासरी चाल सेकंदाला ६.११ मीटर धरली, तर ०.०५ सेकंदाचे अंतर सुमारे ३० सेंटीमीटर भरते. अखेरच्या टप्प्यात दोघेही सरासरीहून जोरात धावत होते. तेव्हा प्रत्यक्षातील अंतर याहून थोडे अधिक असणार.