विरळ हवा आणि शिकाऊ विमान : धाराशिवच्या पठाराच्या निमित्ताने

बालाघाटच्या डोंगररांगेवर वसलेले धाराशिव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. ही उंची भूगोलाच्या दृष्टीने किरकोळ असली, तरी लहान विमानाच्या दृष्टीने ती तशी नाही. वैशाखात येथील तापमान ४० अंश सेल्सिअसपर्यंत चढते. अशा दुपारी हवेची घनता दर घनमीटरास सुमारे १.०४ किलोग्रॅम भरते. समुद्रसपाटीवरील प्रमाण घनता १.२२५ आहे. म्हणजे विमानास तेथल्यापेक्षा १५ टक्के कमी हवा मिळते, आणि जमिनीवर उभे असतानाच ते जणू १,६५० मीटर उंचीवर असल्याप्रमाणे वागते.

याचे परिणाम दुहेरी होतात. एकीकडे एंजिनास कमी प्राणवायू मिळून त्याची शक्ती घटते. दुसरीकडे पुरेसे उत्थापन मिळण्यासाठी पंखास हवेतून सुमारे ८ टक्के अधिक वेगाने जावे लागते, म्हणून धावपट्टीवरील धाव लांबते आणि चढण मंदावते. वेगदर्शक मात्र हवेच्या दाबावर चालत असल्याने नेहमीचाच आकडा दाखवितो. यंत्र खोटे बोलत नाही. पण खालची जमीन सवयीपेक्षा वेगाने मागे सरकताना पाहून नवशिक्याने विमानाचे नाक उचलून वेग कमी केला, तर तो संकटाकडेच जातो.

हे संकट म्हणजे वैमानिक ज्यास ‘स्टॉल’ म्हणतात ते. त्याचा एंजिन बंद पडण्याशी संबंध नाही, हे वृत्तपत्रांच्या वाचकास सांगावे लागते. पंखाचा समोरून येणाऱ्या हवेशी होणारा कोन साधारणतः १५ अंशांच्या पलीकडे गेला की, पंखाच्या वरच्या पृष्ठास चिकटून वाहणारा प्रवाह सुटतो आणि उत्थापन एकाएकी ढासळते. सरळ उड्डाणात हे ज्या वेगास घडते, त्याहून अधिक वेगास ते वळणात घडते; कारण वळताना पंखांना वजनाखेरीज विमान आत ओढण्याचेही काम करावे लागते. उंची राखून घेतलेल्या वळणात कल ३० अंशांचा असल्यास ही मर्यादा ७ टक्क्यांनी, ४५ अंशांचा असल्यास १९ टक्क्यांनी, आणि ६० अंशांचा असल्यास ४१ टक्क्यांनी वर सरकते.

आता उड्डाणानंतर १५० मीटर उंचीवर एंजिन बंद पडले, असे समजू. मनात पहिला विचार येतो तो मागे सोडलेल्या धावपट्टीचा. लहान शिकाऊ विमान एक मीटर उतरताना सुमारे नऊ मीटर पुढे तरंगते. ६५ नॉट वेगास त्याची उतरण सेकंदास ३.७ मीटर पडते. सेकंदास ३ अंश या बेताच्या गतीने अर्धे वर्तुळ पुरे करावयास ६० सेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात २२० मीटर उंची खर्ची पडते. हाती तर १५० मीटरच आहेत! म्हणून वैमानिक वळण आवळतो आणि विमान अधिक कलवितो; तेव्हा उतरण वाढते, स्टॉलची मर्यादा वर येते, आणि जमीन जवळ येताना पाहून हात नकळत दांडा मागे ओढतो. एक पंख आधी स्टॉल झाला तर विमान गिरकी घेते. तेवढ्या उंचीत ती सावरणे बहुधा शक्य नसते. शिवाय अर्धे वळण पुरे करूनही विमान धावपट्टीच्या रेषेत येत नाही, तिच्या बाजूस येते, ही गोष्ट घाईत ध्यानी राहत नाही. विरळ हवेत तर त्याच कलाची वळणत्रिज्या १७ टक्क्यांनी वाढते.

या कारणास्तव कमी उंचीवर एंजिन बंद पडल्यास सरळ, किंवा थोडेसे बाजूस, समोर दिसेल त्या शेतात उतरावे, असेच शिकविले जाते. २५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून उडालेले एकट्या प्रशिक्षणार्थीचे विमान इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी येथे शेतात कोसळले. वैमानिक किरकोळ जखमांवर बचावली. डोंगराळ मुलूख इतका उदार नसतो. १६ जुलै २०२१ रोजी चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या भागात झालेल्या अपघातात प्रशिक्षकाचा मृत्यू झाला. १८ मार्च २०२३ रोजी गोंदियाजवळील बिरसी येथून निघालेले विमान मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याच्या डोंगरात पडले, आणि प्रशिक्षक व प्रशिक्षणार्थी दोघेही दगावले. (हा बालाघाट निराळा, धाराशिवच्या रांगेशी त्याचे केवळ नामसाम्य आहे.) या तिन्ही घटनांची कारणे एकच होती असे येथे सुचवावयाचे नाही, भूप्रदेशाचा फरक तेवढा लक्षात घ्यावा.

धाराशिवच्या पठारावर शेते विस्तृत आणि बऱ्याच अंशी सपाट आहेत, ही जमेची बाजू होय. परंतु पावसाळ्यात काळी माती मऊ होते, पुढचे चाक तीत रुतून विमान उलटण्याचा संभव असतो. आणि पठाराच्या कडेला घळी लागतात. म्हणून शेताची निवड एंजिन चालू असतानाच, प्रत्येक उड्डाणापूर्वी, धावपट्टीच्या दोन्ही टोकांपुढील जमीन पाहून मनाशी करून ठेवावी लागते.